दोन कर्व्ह 'सारखे' आहेत हे आकड्यात कसं सांगायचं? आणि स्मूद आहे की नाही हे ठरवणार कोण?

वळणावळणाने | सोमवार, रात्री ९:१४

मंडळी, कामातला प्रश्न आहे. इथे डिझाईनवाले, टूलरूमवाले, गणितवाले सगळेच पडीक असतात म्हणून विचारतोय.

दुचाकीच्या साइड पॅनलचं रिव्हर्स इंजिनिअरिंग चालू आहे. जुना पार्ट स्कॅन केला, पॉइंट क्लाउडमधून (स्कॅनरने टिपलेल्या बिंदूंचा ढीग) सेक्शन काढले, त्यावर स्प्लाइन (बिंदूंवर बसवलेले गुळगुळीत कर्व्ह) बसवल्या आणि त्यावरून सरफेस. डेव्हिएशनचा कलर मॅप काढला तर सगळं हिरवं, जास्तीत जास्त फरक ०.०५ मिमी. माझ्या लेखी विषय संपला. पण कस्टमरकडचा माणूस म्हणतो कर्व्ह स्मूद नाहीये, झेब्रा (स्क्रीनवर सरफेसवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं परावर्तन पाडून बघतात ती चाचणी) तुटतोय. बरं मग किती स्मूद पाहिजे ते आकड्यात सांगा म्हटलं तर म्हणतो 'बघितलं की कळतं'. आता हे 'बघितलं की कळतं' रिपोर्टात कुठल्या कॉलममध्ये लिहू?

माझे प्रश्न दोनच. मूळ कर्व्ह आणि माझा कर्व्ह सारखे आहेत हे एका आकड्यात सांगायची मान्य पद्धत कुठली? आणि स्मूदनेसला आकडा असतो का, की तो फक्त सिनियर लोकांच्या डोळ्यात असतो?

माझं मत आधीच सांगून टाकतो. ०.०५ च्या आत बसला की कर्व्ह तोच, बाकी सगळी नाटकं. खोडून काढा.

चहाबाज | सोमवार, रात्री ९:२०

सिनियर लोकांच्या डोळ्यात मोतीबिंदू असतो. पहिला प्रतिसाद माझा, धाग्याला शुभेच्छा.

क्लास_ए_वाली | सोमवार, रात्री १०:०२

नाटकं काय! गेली बरीच वर्षं याच नाटकावर माझं घर चालतंय :) चाकणला एका स्टुडिओत क्लास ए सरफेसिंग (गाडीच्या डोळ्याला दिसणाऱ्या पृष्ठभागांचं काम) करते, तेव्हा हे माझ्याच अंगणात पडलंय.

आकडे पाहिजेत ना, घ्या. समजा पॅनलची त्रिज्या ५०० मिमी. वक्रता म्हणजे १ भागिले त्रिज्या, म्हणजे ०.००२. आता या कर्व्हवर एक बारीक लाट कल्पनेने बसवा, मधल्या रेषेपासून ०.०१ मिमी वर-खाली आणि दोन शिखरांत १० मिमी अंतर. या लाटेची स्वतःची वक्रता किती? उंची गुणिले (२ पाय, म्हणजे π, भागिले १०) चा वर्ग. २ पाय भागिले १० म्हणजे ०.६२८, त्याचा वर्ग ०.३९५, गुणिले ०.०१ म्हणजे जवळजवळ ०.००४. मूळ वक्रता ०.००२ होती, त्यात कुठे ०.००४ मिळतंय आणि कुठे वजा होतंय. जिथे वजा होतंय तिथे चिन्हच बदललं, म्हणजे बाहेर फुगलेलं पॅनल दर १० मिमीला एकदा आत वळतंय. आणि तुमचा कलर मॅप? हिरवागार, कारण फरक तुमच्या ०.०५ च्या पाचव्या हिश्श्याएवढा आहे.

डोळा अंतर बघतच नाही हो, तो परावर्तन बघतो. याच लाटेमुळे पृष्ठभागाचा उतार जास्तीत जास्त ०.३६ अंश इकडेतिकडे होतो, आणि आरशाच्या नियमाने प्रकाशकिरण त्याच्या दुप्पट, ०.७ अंशाहून जास्त हलतो. ग्लॉसी काळ्या पॅनलवर ट्यूबलाईटची रेघ थरथरलेली दिसायला एवढं भरपूर झालं.

तेव्हा ०.०५ च्या आत असणं आणि स्मूद असणं या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. एकीत पास झालात म्हणून दुसरीचे मार्क मिळत नाहीत.

उद्या ऑफिसला गेलात की कर्व्हेचर कोंब लावून बघा. कर्व्हच्या प्रत्येक बिंदूवर लंब दिशेला वक्रतेएवढी काडी उभी राहते, काड्यांची टोकं जोडणारी रेघ बघायची. ती एकदोनदा संथपणे चढली उतरली तर ठीक. दातेरी दिसली, मध्ये शून्य ओलांडून पलीकडे गेली, तर कस्टमर बरोबर आहे.

शिरोलीकर | सोमवार, रात्री १०:३१

ताई तुमचं गणित बरोबर हाय, पण जरा जमिनीवर या की. आमचं टूलरूम हाय, मोल्ड आणि फौंड्रीचे पॅटर्न दोन्ही करतो. पीपीचा (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिक) पार्ट असंल तर श्रिंकेज एक ते अडीच टक्के. ४०० मिमीच्या पॅनलला म्हणजे ४ ते १० मिमी आकसणार, आणि तेबी सगळीकडं सारखं न्हाई. वर वॉर्पेज वेगळं. मोल्डमधनं काढलेला पार्ट टेबलावर ठेवला की एक कोपरा हवेत. आणि तुम्ही ०.०१ च्या लाटंवर भांडताय व्हय?

दुसरं, पॅनलला टेक्स्चर हाय का ग्लॉस, ते धागाकर्त्यानं सांगितलंच न्हाई. टेक्स्चर असंल तर झेब्रा गेला खड्ड्यात. ग्लॉस असंल तर पॉलिशवाला पोरगा शेवटी स्टोन मारून काय करतोय त्याच्यावर सगळं.

क्लास_ए_वाली | सोमवार, रात्री १०:४४

शिरोलीकर, श्रिंकेज आणि वॉर्पेज लांब पल्ल्याचे असतात, ४०० मिमीत एखादा बाक. वक्रता त्याने किंचित बदलते, चिन्ह सहसा बदलत नाही. माझी लाट १० मिमीची आहे. अंतराचा आकडा मोठा म्हणजे डोळ्याला दिसणारा दोष मोठा असं नसतं, माझा मुद्दाच तो आहे. ५ मिमी वाकलेलं पॅनल सुंदर दिसू शकतं (बसणार नाही ती गोष्ट वेगळी), ०.०१ ची लाट मात्र शोरूमच्या लाईटखाली उघडी पडते.

टेक्स्चरबद्दल मात्र अनुमोदन.

वळणावळणाने | सोमवार, रात्री १०:५०

ग्लॉस आहे. पियानो ब्लॅक.

शिरोलीकर | सोमवार, रात्री १०:५२

मेलास.

गणिताचा_मास्तर | सोमवार, रात्री ११:३८

पहिल्या प्रश्नाकडे कुणी वळलंच नाही म्हणून लिहितो.

'जास्तीत जास्त फरक ०.०५' असं सॉफ्टवेअर म्हणतं तेव्हा ते बहुतेक वेळा काय करतं? स्कॅनमधला प्रत्येक बिंदू घेतं, त्याला तुमच्या कर्व्हवरचा सर्वांत जवळचा बिंदू शोधतं, आणि या सगळ्या अंतरांतलं मोठ्यात मोठं सांगतं. हे झालं एकतर्फी अंतर. उलट दिशेने मोजलं तर उत्तर वेगळं येऊ शकतं. समजा स्कॅन ३०० मिमी लांबीचा आहे आणि तुमची स्प्लाइन टोकाला २० मिमी पुढे भरकटलीय. स्कॅनकडून मोजलं तर ०.०५, तुमच्या कर्व्हकडून मोजलं तर २०. दोन्हीकडून मोजून त्यातलं मोठं घेतलं की त्याला हाउसडॉर्फ अंतर म्हणतात. फेलिक्स हाउसडॉर्फच्या १९१४ च्या पुस्तकातलं आहे हे.

पण हाउसडॉर्फला कर्व्ह म्हणजे नुसता बिंदूंचा ढीग, कुठला बिंदू आधी आणि कुठला नंतर याचं त्याला सोयरसुतक नाही. तिथे मॉरिस फ्रेशे येतो, १९०६ चा प्रबंध. नेहमीचं उदाहरण असं की एक माणूस एका कर्व्हवरून चाललाय आणि त्याचा कुत्रा दुसऱ्यावरून, मध्ये दोरी. दोघंही वेग बदलू शकतात, थांबू शकतात, पण मागे फिरायचं नाही. सुरुवातीपासून शेवटापर्यंत जायला कमीत कमी किती लांबीची दोरी लागेल, ते फ्रेशे अंतर. कर्व्ह स्वतःवर दुमडत असेल, नागमोडी असेल तर हाउसडॉर्फ लहान आणि फ्रेशे मोठं येऊ शकतं. कॉम्प्युटरवर काढायला दोन्ही कर्व्ह बिंदूंच्या माळा धरून टेबल भरत जायचं, ती सोपी पद्धत आयटर आणि मानिला यांनी १९९४ मध्ये दिली, दहाबारा ओळींत कोड होतो.

तुमच्या साइड पॅनलच्या साध्या सेक्शनला दोन्ही आकडे जवळपास एकच येतील. तेव्हा फ्रेशे लावून कस्टमरला घाबरवायचं असेल तर खुशाल लावा.

चहाबाज | सोमवार, रात्री ११:४५

मागे फिरायचं नाही अशा अटीवर चालणारा कुत्रा मास्तरांनी कुठे बघितला? आमच्या सोसायटीतला लॅब्रॅडोर प्रत्येक खांबापाशी मागे फिरतो. त्याचं फ्रेशे अंतर अनंत.

गणिताचा_मास्तर | सोमवार, रात्री ११:५१

मागे फिरायला परवानगी दिली तर त्याला वीक फ्रेशे अंतर म्हणतात. तुमच्या लॅब्रॅडोरचीही सोय आहे.

चहाबाज | सोमवार, रात्री ११:५२

दंडवत.

रूळ_आणि_खडी | मंगळवार, सकाळी ६:५८

रेल्वेच्या पर्मनंट वे मध्ये (रुळांचं खातं) नोकरी झाली, आता निवृत्त. तुमच्या स्मूदपणाची आम्हाला डोळ्याने नाही, बुडाने परीक्षा असायची.

सरळ रूळ आणि गोलाईचा रूळ थेट जोडला तर नकाशावर अगदी गुळगुळीत दिसतं. कुठे कोपरा नाही, दिशा जुळलेली. पण वक्रता शून्यावरून एकदम उडी मारते. आमच्याकडे २ अंशाची गोलाई म्हणजे १७५० भागिले २, त्रिज्या ८७५ मीटर. १०० किमी वेगाची गाडी त्यावर शिरली की बाजूचं त्वरण साधारण ०.८८ मीटर प्रति सेकंद वर्ग, आणि ते एका क्षणात शून्यावरून तिथे. चहाचा कप सांडणार, रुळाला धक्का बसणार. शिवाय बाहेरचा रूळ उचलायचा असतो, तो कॅन्ट काही एका जागी एकदम उचलता येत नाही. म्हणून मध्ये ट्रान्झिशन घालायचं, त्याच्यात वक्रता हळूहळू वाढते. भारतीय रेल्वेत त्यासाठी क्युबिक पॅराबोला वापरतात. पुस्तकी आदर्श म्हणजे क्लोथॉइड, ज्यात वक्रता लांबीच्या सरळ प्रमाणात वाढते, पण छोट्या कोनाला दोघांत फरक नगण्य.

आणि मोजणी कशी, तर दोन टोकांना धरून दोरी ताणायची आणि मधोमध रुळापर्यंतचं अंतर घ्यायचं, ते व्हर्साइन. प्रत्येक स्टेशनला (म्हणजे रुळावरच्या मोजायच्या खुणेला) घेत जायचं. व्हर्साइनचे आकडे ओळीने लिहिले की कुठे खोट आहे ते कागदावरच दिसतं. या ताई म्हणतात तो कोंब मला तोच वाटतोय, फक्त तुम्ही एसीत बसून काढता.

क्लास_ए_वाली | मंगळवार, सकाळी ९:३५

काका, कमाल! हो, अगदी तोच. व्हर्साइन वक्रतेच्या प्रमाणातच असतं.

आणि आमच्या भाषेत तुमचा थेट जोड म्हणजे जी१. नुसती टोकं जुळली तर जी०, दिशा जुळली तर जी१, वक्रताही जुळली तर जी२, वक्रतेच्या बदलाचा वेगही जुळला तर जी३. कॅडमध्ये फिलेट कमांड मारली की बाय डिफॉल्ट जी१ मिळतो, म्हणून साध्या फिलेटच्या कडेवर झेब्राचे पट्टे जोडलेले असतात पण त्यांना तिथे कोपरा पडतो. पट्टे तुटून सरकले तर दिशाच जुळलेली नाही. धागाकर्ते, तुमचे पट्टे नक्की तुटतायत की कोपरा पडतोय? दोन्हीची औषधं वेगळी.

वळणावळणाने | मंगळवार, सकाळी १०:१०

कोपरे पडतायत. आणि मधल्या भागात पट्टे जरा नागमोडी. कोंब पण लावला. काय सांगू... फणीचे दात.

नवशिका_कॅडवाला | मंगळवार, सकाळी १०:४०

छान माहिती. कॅटिया शिकून पुण्यात नोकरी मिळते का? फी किती असते साधारण?

चहाबाज | मंगळवार, सकाळी १०:४३

वेगळा धागा काढा राव. आणि काढलात की मलाही लिंक द्या.

अक्षरवेडी | मंगळवार, दुपारी १:२५

मी गाड्यांतली नाही, फॉन्टमधली. पण दुखणं तेच.

कर्व्ह जवळ असतो तरी वाकडा असतो याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे वर्तुळ. फॉन्टमध्ये पाव वर्तुळ एका क्युबिक बेझिएने (दोन टोकं आणि दोन हँडल, अशा चार पॉइंटनी ठरणारा कर्व्ह) काढतात, हँडलची लांबी त्रिज्येच्या ०.५५२३ पट ठेवतात. खऱ्या वर्तुळापासून फरक जास्तीत जास्त ०.०२७ टक्के. १०० मिमी त्रिज्या असेल तर ०.०२७ मिमी, म्हणजे धागाकर्त्याच्या ०.०५ मध्ये आरामात पास. आता टोकाची वक्रता काढा. क्युबिकला सूत्र सोपं आहे, दोन तृतीयांश गुणिले (तिसऱ्या पॉइंटचं स्पर्शरेषेपासूनचं अंतर) भागिले (पहिल्या हँडलच्या लांबीचा वर्ग). दोन तृतीयांश गुणिले ०.४४७७ भागिले ०.३०५० म्हणजे ०.९७९. टोकाला वक्रता दोन टक्क्यांहून कमी आहे, म्हणजे १०० च्या जागी १०२.२ त्रिज्या! चार तुकडे जोडून वर्तुळ केलं की चारी जोडांवर ते किंचित सपाट असतं. जागेतली चूक हजारात पाव आणि वक्रतेतली शंभरात दोन, एकाच कर्व्हमध्ये.

देवनागरीत तर हे पदोपदी. 'ळ' च्या दोन गाठी, 'अ' चं पोट, 'ह' ची खालची शेपटी, सगळीकडे वळण उलटं फिरतं. तिथे वक्रतेचं चिन्ह बदलायलाच पाहिजे, फक्त ते एकदाच आणि ठरलेल्या जागी बदलावं. आम्ही ग्लिफ्समध्ये (फॉन्ट काढायचं सॉफ्टवेअर) स्पीड पंक नावाचं प्लगइन लावतो, कर्व्हच्या बाहेर वक्रतेचा रंगीत पट्टा दिसतो. जाड आणि बारीक अशा दोन्ही टोकांच्या मास्टरमध्ये (हाताने काढलेल्या मूळ वजनांत) छान दिसणारं अक्षर मधल्या वजनात इंटरपोलेट झालं की तिथे अचानक गुडघा येतो, आणि दोन्ही टोकांचे मास्टर तपासून तो सापडत नाही.

श्टुटगार्टकर | मंगळवार, दुपारी ४:५०

इथे तयार गाडी लाईट टनेलमधून नेतात, दोन्ही बाजूंना आणि वर ट्यूबची रांग, आणि माणसं रेघा कशा सरकतात ते बघतात. म्हणजे 'बघितलं की कळतं' वाला तुमचा कस्टमर जगात एकटा नाही :) परावर्तनाच्या रेघांवरून पृष्ठभाग सुधारण्यावर क्लासचा पेपर १९८० चा आहे, झेब्रा त्याच घराण्यातला.

मजा म्हणजे हे सगळं सुरूच गाडीच्या पत्र्यावरून झालं. पॉल द कास्तेल्जो सित्रोएनमध्ये १९५९ ला हे कर्व्ह वापरत होता, पण कंपनीने ते गुपित ठेवलं. पिअर बेझिए रेनॉमध्ये थोडा नंतर स्वतंत्रपणे तिथेच पोचला, त्याला छापायची परवानगी होती, म्हणून नाव त्याचं. तिकडे अमेरिकेत डी बोर जनरल मोटर्समध्ये बी-स्प्लाइनवर. त्याआधी ड्रॉइंग ऑफिसात आणि जहाजाच्या लॉफ्टमध्ये लाकडाची लवचिक पट्टी, जागोजाग शिशाची वजनं ठेवून वाकवलेली. ती पट्टी आपोआप कमीत कमी वाकण्याच्या ऊर्जेत बसते. स्प्लाइन हे नाव त्या पट्टीचंच.

तुमच्या कामाचं एवढंच की कर्व्हवर कंट्रोल पॉइंट (कर्व्हला ओढून आकार देणारे बिंदू) किती आहेत ते मोजा. स्कॅनवर स्प्लाइन बसवताना टॉलरन्स ०.०५ दिलात तर सॉफ्टवेअर ३०-४० पॉइंट टाकून मोकळं होतं, प्रत्येक आवाज (नॉइज, म्हणजे मोजणीतली थरथर) आणि प्रत्येक खड्डा पकडून. डिग्री ५, एकच स्पॅन (अखंड तुकडा), ६ कंट्रोल पॉइंट, इथून सुरुवात करा. दोन्ही टोकांना जी२ पाहिजे तर प्रत्येक टोकाचे ३ पॉइंट बांधले जातात, सहा पुरतात. दोन्हीकडे जी३ पाहिजे तर ८, म्हणजे डिग्री ७.

वळणावळणाने | मंगळवार, संध्याकाळी ६:१५

४६ पॉइंट आहेत. कुणाला सांगू नका.

पण मुद्दा सोडत नाही. ६ पॉइंटने बसवला तर डेव्हिएशन ०.०५ च्या बाहेर जाणार. मग 'सारखेपणा' गेला ना? तुम्ही सगळे मला सुंदर पण वेगळा कर्व्ह काढायला सांगताय.

शिरोलीकर | मंगळवार, रात्री ८:०५

आता खरं बोललास. पण मला एक सांग, सारखा कशाशी? जुन्या पार्टाशी ना? त्या पार्टाला मागनं रिबा (मजबुतीच्या पट्ट्या) असतील. जिथं रिब हाय तिथं प्लास्टिक जाड, सावकाश गार हुतंय, वरनं खड्डा पडतोय. सिंक मार्क. तुझ्या स्कॅनरनं तो खड्डा इमानदारीनं टिपला, तुझ्या ४६ पॉइंटनी तो इमानदारीनं काढला, आणि आता तू तो नव्या मोल्डमध्ये कोरणार. नव्या पार्टाला बी तिथंच रिब, म्हणजे तिथं पुन्हा सिंक. खड्ड्यात खड्डा!

लाटंचं अंतर आणि मागच्या रिबांचं अंतर जुळतंय का बघ.

क्लास_ए_वाली | मंगळवार, रात्री ८:२०

शिरोलीकर, तुमच्या पहिल्या प्रतिसादावर मी जे काय लिहिलं त्यातलं अर्धं मागे घेत नाही पण हा प्रतिसाद सोन्याचा आहे.

वळणावळणाने | बुधवार, सकाळी ११:३०

बघितलं. मधले नागमोडी पट्टे बरोब्बर रिबांवर आहेत. कोपरे मात्र रिबांवर नाहीत, ते दोन स्प्लाइन जोडल्यात तिथे.

भुंगा | बुधवार, दुपारी १२:१०

एवढा काथ्याकूट कशाला, एआयला फोटो दाखवा, तो सांगेल स्मूद आहे का.

चहाबाज | बुधवार, दुपारी १२:१२

तो म्हणेल 'खूप छान निरीक्षण!' आणि मोल्ड भंगारात.

गणिताचा_मास्तर | बुधवार, दुपारी ३:४०

आता दुसरा प्रश्न, स्मूदनेसला एक आकडा. आकडे आहेत, पण प्रत्येकाची एक खोड आहे.

सर्वांत जुना म्हणजे श्टुटगार्टकरांच्या लाकडी पट्टीचा, वक्रतेच्या वर्गाची कर्व्हच्या लांबीभर बेरीज. वर्तुळाला लावा. वक्रता १ भागिले त्रिज्या, लांबी २ पाय त्रिज्या, उत्तर २ पाय भागिले त्रिज्या. म्हणजे मोठं वर्तुळ छोट्या वर्तुळापेक्षा जास्त स्मूद! हे कुणाला पटेल? लांबीने गुणून आकाराचा परिणाम घालवता येतो, तरी हा आकडा वाकण्यालाच शिक्षा करतो, वाकडेपणाला नाही. म्हणून मोरटन आणि सेक्विन यांनी १९९२ मध्ये वक्रतेऐवजी वक्रतेच्या बदलाच्या वर्गाची बेरीज घेतली. त्यात वर्तुळाला शून्य मिळतं, कुठलंही वर्तुळ असो.

फरीनने मात्र व्याख्याच अशी केली की वक्रतेचा आलेख सलग असावा आणि तो थोड्याच चढत्या किंवा उतरत्या तुकड्यांचा बनलेला असावा. 'थोड्याच' म्हणजे किती हे त्याने तुमच्यावर सोडलं, आणि मला वाटतं शहाणपणाने सोडलं. तुकडे मोजता येतात. ६ पॉइंटच्या कर्व्हला २-३ निघतील, तुमच्या ४६ वाल्याला बहुतेक डझनावारी.

आणखी एक सापळा. कुणी म्हणेल मग मूळ स्कॅनची वक्रता आणि माझ्या कर्व्हची वक्रता यांचीच तुलना करू, दोन्ही प्रश्न एकदम सुटतील. करू नका. स्कॅनचे बिंदू ०.५ मिमी अंतरावर आहेत आणि त्यांत ०.०२ मिमी आवाज आहे असं धरा. दुसरा डेरिव्हेटिव्ह (उतार किती वेगाने बदलतो ते, वक्रता त्यावरूनच निघते) शेजारच्या तीन बिंदूंवरून काढलात तर आवाज वर्गमूळ ६ गुणिले ०.०२ भागिले ०.२५, म्हणजे जवळजवळ ०.२. तुमच्या पॅनलची खरी वक्रता ०.००२. आवाज शंभरपट! स्कॅनला वक्रता अशी नसतेच, ती तुम्ही गुळगुळीत करून निर्माण करता, आणि किती गुळगुळीत केलंत त्यावर उत्तर ठरतं.

अक्षरवेडी | बुधवार, संध्याकाळी ५:०५

मास्तरांच्या १९९२ वाल्या आकड्यावर एक शंका. तो कमीत कमी करत गेलं तर सगळं वर्तुळासारखंच होत जाणार ना? अक्षरात मला मुद्दाम ताण पाहिजे असतो, खांद्यावर घट्ट आणि पोटात सैल. गाडीतही कॅरेक्टर लाईन (बॉडीवरची ठळक घडी) असतेच की, ती तर मुद्दाम तीक्ष्ण. आकडा तिला नापास करेल.

क्लास_ए_वाली | बुधवार, संध्याकाळी ५:४०

करतोच. म्हणून आमच्याकडे कॅरेक्टर लाईन दोन सरफेसची कड म्हणून काढतात आणि दोन्हीकडचे सरफेस वेगवेगळे तपासतात. कुठे तोडायचं हे माणूस ठरवतो, मधलं सॉफ्टवेअर तपासतं. आणि वर्तुळाचा तुकडा गाडीवर फार मेलेला दिसतो, मधोमध वक्रता थोडी कमी आणि टोकांकडे थोडी जास्त असा कर्व्ह घ्यायचा, तो ताणलेला वाटतो. याला आकडा मी तरी लावत नाही.

रूळ_आणि_खडी | बुधवार, रात्री ९:१५

रेल्वेत तुमचा वर्तुळाचा तुकडाच बरा. ताण आणलात तर माझा फिटर मला शिव्या घालेल.

वळणावळणाने | गुरुवार, रात्री १०:२०

अपडेट. दोन तुकड्यांऐवजी एकच स्पॅन, डिग्री ५, रिबांवरचे स्कॅन पॉइंट फिटिंगमधून वगळले. डेव्हिएशन रिबांवर ०.१३, बाकी ०.०८ च्या आत. कोंब एका बाजूने चढतो आणि उतरतो, संपलं. झेब्रा सरळ. ड्रॉइंग शोधून काढलं तर प्रोफाइलचं टॉलरन्स ०.४ निघालं, म्हणजे ०.०५ कुणीच मागितलं नव्हतं, ते सॉफ्टवेअरच्या डिफॉल्टमधून आलेलं.

रिपोर्टात असं टाकलंय: दोन्ही दिशांनी जास्तीत जास्त अंतर आणि आरएमएस (फरकांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ), सिंक मार्कचा भाग वेगळा दाखवून. कंट्रोल पॉइंटची संख्या. वक्रतेचे चढ-उताराचे तुकडे किती, चिन्ह किती वेळा बदलतं. शेजारच्या सरफेसशी जोडावर कोनाचा फरक आणि वक्रतेचा फरक टक्क्यांत. खाली कोंब आणि झेब्राचे फोटो. एक आकडा मिळाला नाही ही तक्रार कायम आहे, आणि कुणी उद्या ०.०५ मागितलाच तर हा सुंदर कर्व्ह घेऊन मी काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

श्टुटगार्टकर | गुरुवार, रात्री १०:५५

मागितला तर ६ चे ७ पॉइंट करा, मग ८. एकेक वाढवत जायचं आणि तुकडे वाढले की थांबायचं. आणि कोंबच्या फोटोखाली स्केल (काड्या किती पट उंच) आणि डेन्सिटी (किती दाट) लिहा, सगळ्या फोटोंना एकच ठेवा. स्केल कमी केला की कुठलाही कर्व्ह देखणा दिसतो, आणि कस्टमरकडच्या माणसाला हे माहीत असतं.

शिरोलीकर | गुरुवार, रात्री ११:०२

त्याला म्हाईत असतंयच. आमच्याकडचा तर फोटो बघतच न्हाई, फाइल मागतोय आणि स्वतः स्केल वाढवतोय.

बरं, रिबची जाडी किती हाय? वरच्या भिंतीच्या निम्म्याहून जास्त असंल तर आत्ताच कमी करून घे, मोल्ड कापल्यावर मला फोन करू नको.

वळणावळणाने | गुरुवार, रात्री ११:१०

भिंत २.५, रिब १.८.

शिरोलीकर | गुरुवार, रात्री ११:११

१.२ कर. आणि मुळाशी रेडियस देतोयस तो ०.५ च्या वर नको, नाहीतर तिथं पुन्हा जाडी.